मदत हवी आहे: गोल्फच्या मैदानाचे स्प्रिंकलर बदलायचेत

हिरवळवाला: संभाजीनगरजवळ 9 होलचं मैदान सांभाळतो. रात्रभर पंप चालतो, तरी मधेमधे गवत करपतंय आणि कडेला पाणी साचतंय. मे लागायच्या आत काम उरकायचंय. कोणते स्प्रिंकलर घेऊ? लवकर सांगा.

पाणाडी: माती कोणती? पाणी कुठलं? प्रेशर किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोसंबीकर: माझ्या बागेत ठिबकनं पुष्कळ पाणी वाचलं. सरळ जमिनीखालून ठिबक टाका.

मैदानदादा: बागेचा हिशोब हिरवळीला लागत नाही. मुळांना हवा मिळावी म्हणून आम्ही मशीननं भोकं पाडतो. नळ्या पहिल्याच फेरीत फाटतील.

मोसंबीकर: मग खोल टाका ना!

मैदानदादा: आणि हरळीची बरीचशी मुळं वरच्या थरात असतात, ती पाणी कुठून ओढणार?

हिरवळवाला: भांडू नका हो. बोअर आणि शेततळं आहे, काळी माती, हरळी. प्रेशर कधी मोजलं नाही.

जालनेकर: बोअर आटत असेल तर आमच्याकडे हातावर नारळ ठेवून बोअरचा पॉइंट, म्हणजे पाण्याची जागा, काढून देणारे एक काका आहेत.

लातूरकर: राग मानू नका. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत होतो. गवताला बोअरचं पाणी बघवत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं का, ते आधी विचारा.

मोसंबीकर: मग उसाला जातं त्याचं काय?

पाणाडी: उसाचा वेगळा धागा काढा. हिरवळवाले, काळ्या मातीत पाणी हळू मुरतं. सलग वीस मिनिटं सोडलं की वाहून कडेला जातं. पाच-पाच मिनिटं सोडा, मधे अर्धा तास थांबा. आणि खरेदीआधी एका पट्ट्यात सरळ बाजूंचे वीस सारखे डबे ठेवून अर्धा तास पाणी चालवा, डब्यात किती मिमी साठलं ते मोजा. एक मिमी जादा म्हणजे एकरी चार हजार लिटर वाया.

हिरवळवाला: आज पहाटे डबे ठेवले. पंपाजवळ 8 मिमी, टोकाला 2. टोकाचं गवत जगावं म्हणून मी सगळीकडेच जास्त वेळ चालवत होतो.

पाणाडी: टोकाला प्रेशर कमी पडत असेल, तर नवे स्प्रिंकलर लावूनही टोक कोरडंच राहील. टोकाला प्रेशर मोजायचं गेज लावा, झिजलेले नोझल बदला, लाइन कुठं गळते ते बघा.

लातूरकर: सांडपाण्याचं विचारलंत का?

हिरवळवाला: सोमवारी जातोय विचारायला. गेज उद्या आणतो. एक सांगायचं राहिलं, पाचव्या होलपासून पुढची लाइन दोन इंचीच आहे, मागची तीन इंची.