साखळी अभिक्रिया क्षणात हाताबाहेर का जात नाही?

प्रश्न: औष्णिक (म्हणजे मंद न्यूट्रॉनवर चालणाऱ्या) अणुभट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी साधारण 0.0001 सेकंदात संपते. गुणक (एका पिढीमागे पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात तो आकडा) 1.001 झाला, तर सेकंदाभरात शक्ती वीस हजार पटींहून जास्त वाढायला हवी. मग न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या सावकाश हलवून कसं भागतं?

उत्तर १: विलंबित न्यूट्रॉनमुळे. युरेनियम-235च्या विखंडनातले (अणुकेंद्र फुटण्यातले) सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन ब्रोमीन-87सारख्या तुकड्यांच्या क्षयातून, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत उशिरा येतात. त्यांच्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही, म्हणून तुमच्या उदाहरणात शक्ती अडीच-पट व्हायलाच मिनिटभर लागतं. 1942 साली शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ फर्मींच्या गटानं कॅडमियमच्या कांड्या हातानं हलवून पहिली भट्टी चालवली, ती याच जोरावर. गुणकाची 1च्या वरची वाढ 0.0065च्या पुढे गेली की मात्र त्वरित न्यूट्रॉनच (विखंडनाच्या क्षणीच निघणारे) पुरेसे होतात. ती रेषा कधीही ओलांडायची नाही.

उत्तर २: विखंडनानंतर भट्टीत साठणारं झेनॉन-135 विसरू नका! भट्टी बंद केल्यावरही आयोडीन-135पासून (अर्धायुष्य 6.6 तास) ते बनत राहतं आणि न्यूट्रॉन गिळतं. जोरात चाललेल्या भट्टीत दहाएक तासांनी ते कमाल पातळीवर असतं. तेव्हा कांड्या जास्त उपसून भट्टी रेटली, तर झेनॉन जळून जातं आणि शक्ती उसळते. त्यापेक्षा दीड-दोन दिवस थांबावं.