विज्ञानाच्या पुस्तकांचा कट्टा टिकवायचा कसा?

प्रश्न (कोथरूड): आम्ही आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या घरी जमून विज्ञानाच्या पुस्तकांवर बोलतो. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, महाविद्यालयीन मुले आहेत. संशोधक मात्र कोणीही नाही. पहिल्या तीन बैठका रंगल्या. चौथ्या वेळी मात्र तीनशे पानांचे पुस्तक निम्म्या लोकांनी वाचलेच नव्हते. ज्यांनी वाचले होते त्यांनी सारांश सांगितला आणि बाकीचे चहा घेऊन गप्प बसले. कट्टा मोडू नये अशी फार इच्छा आहे. काय करावे?

उत्तर (सदाशिव पेठ): पुस्तक संपवण्याची अट काढून टाका आणि एका बैठकीला एकच प्रकरण घ्या. शक्य असेल तेव्हा हाताळण्याजोगी एखादी वस्तूही मध्ये ठेवा. आम्ही वर्णपटाचे, म्हणजे प्रकाश फाकून दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचे, प्रकरण घेतले होते, तेव्हा एक काकू जुनी सीडी घेऊन आल्या. सीडीवरच्या रेघांमध्ये साधारण १.६ मायक्रोमीटरचेच (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असल्याने तिच्यावरून परतणारा प्रकाश रंगांमध्ये विखुरतो. साध्या पिवळ्या बल्बचा पट्टा सलग दिसला, तर सीएफएल दिव्याचे निळे, हिरवे, तांबडे पट्टे सुटे दिसले. सूर्यावर कोणती मूलद्रव्ये आहेत हे इथे बसून कसे कळते, असे एका मुलाने विचारले. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात त्याच्या ठरलेल्या रेघा असतात, त्यावरून ते ओळखता येते. मग हेलियम वायूची गोष्ट निघाली: १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात त्याची पिवळी रेघ दिसली, परंतु पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडले. त्या दिवशी प्रकरण न वाचता आलेले लोकच जास्त बोलले.

उत्तर (औंध): वरील सूचना पटते, तरी वाचन अगदीच ऐच्छिक करू नये, नाहीतर नुसत्या गप्पा उरतात. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातील पुण्याचा भाग घ्यावा, असे सुचवतो. १९८८ साली स्थापन झालेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आपल्याच विद्यापीठाच्या आवारात कशी उभी राहिली, हे वाचताना ओळखीचा रस्ता डोळ्यांसमोर येतो आणि प्रत्येकाला काही ना काही सांगायचे असते. पुढे सर्वांनी मिळून नारायणगावजवळच्या खोडदला जावे; प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्नकर्त्याकडून: दोघांचेही मनापासून आभार. या रविवारी वर्णपटाचेच प्रकरण ठेवले आहे. सीडी माळ्यावर सापडली, पिवळा बल्ब शेजाऱ्यांकडून आणला आहे.