सोसायटी ग्रुप : राणीछाप

चौधरी काकू (बी-२०४): काल दुपारी त्या झोळीवाल्याला आत कोणी सोडलं? 'वाड्याचा पाया खणताना सापडले' म्हणत ह्यांना पाच राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये) देऊन साडेसात हजार घेऊन गेला. मी भुसावळला होते.

बोरसे: गेटवर वही ठेवा, दिवाळीपासून सांगू राहिलो.

सेक्रेटरी महाजन: वॉचमन मोटर लावायला गेला होता. फोटो टाका, काकू.

कोल्हे (सी-३०१): चुंबक लावा. नाही चिकटलं तर चांदी 👍

पाटील सर: कोल्हे, पितळ तरी कुठे चिकटतं? चिकटलं तर नकली हे नक्की. नाही चिकटलं तर काहीच कळलं नाही.

भावसार (ए-१०२): वजन करा काकू. राणीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजून थोडं कमी भरेल.

चौधरी काकू: ९.८. पाचही.

भावसार: इतकी झीज असती तर राणीचं नाकही दिसलं नसतं. आणि पाचही सारखेच कसे झिजले?

चौधरी काका: मी वाजवून घेतले. खणखणीत आवाज होता. आमचं आयुष्य गेलं नाणी बघण्यात.

कोल्हे: काका, वांगं पण वाजवून घेता का भरिताला? 😂

चौधरी काका: तुमच्या पार्किंगचं बोला आधी.

बोरसे: वही.

भावसार: काका, राग मानू नका. आवाज दुसऱ्या धातूचाही येतो. कडेचे दाते बघा, ओतीव नाण्याला तिथे सांध्याची रेघ दिसते. आणि फोटो मोठा करून बघितला, 'क्वीन' लिहिलंय, खाली साल १८८५. १८७७ पासून रुपयावर 'एम्प्रेस' यायला लागलं. टंच (चांदी किती शुद्ध ते) काढायचीही गरज नाही.

महाजन: माझ्या देव्हाऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं आहे, राम दरबाराचं. लाखाचं आहे म्हणतात.

पाटील सर: महाजन, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. पूजेला ठेवा. पाडव्याला तुम्हीच फॉरवर्ड केलेलं, तेव्हा मी गप्प बसलो.

महाजन: सर, ग्रुपवर भाषा जपून.

कोल्हे: चुंबक लावा ना भो, महाजनसाहेब 😂

चौधरी काकू: माझं काय ते सांगा! कॅमेऱ्यात दिसेल का तो?

महाजन: कॅमेरा दुरुस्तीला... मेन्टेनन्स थकवणाऱ्यांनी विचार करावा.

बोरसे: वही असती तर नाव-नंबर मिळाला असता.

भावसार: पोलिसांत द्या काकू, नाणी घेऊन जा.

चौधरी काकू: हे आत्ता चिंच लावून घासत बसलेत. म्हणे चकाकी आली की कळेल.

भावसार: खरी असती तर हातातून काढून घ्या म्हटलं असतं, घासलेल्या जुन्या नाण्याची किंमत पडते. ही घासू द्या. एक तेवढं पोलिसांसाठी बाजूला ठेवा.

महाजन: उद्या १० ते १२ पाणी येणार नाही. टाकी धुणार आहेत.