दोनच कण, मग ध्रुवीकृत टार्गेट कशाला?
एकाने विचारलंय की ड्युटेरॉनमध्ये (जड हायड्रोजनच्या केंद्रकात) एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढंच, मग त्याची रचना तपासायला टार्गेट ध्रुवीकृत करायचा, म्हणजे त्यातल्या केंद्रकांचे स्पिन (अंगभूत फिरकी) एका दिशेत रांगेत लावायचा खटाटोप कशाला? कारण ड्युटेरॉन गोल नाही. भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी यांच्या गटाने १९३९ मध्येच त्याचा विद्युत चतुर्ध्रुव आघूर्ण, म्हणजे विद्युतभार गोलाकारापासून किती ढळलाय याचं माप, मोजला. तो शून्य नाही, म्हणजे त्यात डी-अवस्थेची (दोन कणांच्या एकमेकांभोवतीच्या गतीची गोल नसलेली अवस्था) भेसळ आहे. साध्या टार्गेटवर इलेक्ट्रॉन आदळले की सगळ्या दिशांची सरासरी निघते, आणि विद्युतभाराची वाटणी व चतुर्ध्रुवाचा वाटा वेगळे करता येत नाहीत. स्पिन ठराविक दिशेत असेल तर टी-२० ही राशी (स्पिनच्या मांडणीनुसार आदळण्याचं प्रमाण किती बदलतं ते) मोजून ते सुटे होतात. रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या व्हेप-३ या इलेक्ट्रॉन साठवण-कड्यामध्ये ध्रुवीकृत ड्युटेरियम वायू वापरून हे केलं गेलं, फार सुंदर काम आहे ते!

खरी मेहनत घन टार्गेटमध्ये. १ केल्विन इतक्या थंडीत आणि ५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रातही ड्युटेरॉनचं ध्रुवीकरण जेमतेम ०.१ टक्का होतं, कारण त्याचा चुंबकीय आघूर्ण (चुंबक म्हणून असलेली ताकद) छोटा. म्हणून ड्युटेरियमयुक्त अमोनियाचे गोठलेले खडे आधी किरणोत्सर्गाने मारून त्यात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन तयार करतात, मग १४० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हने त्यांचं ध्रुवीकरण केंद्रकांकडे वळवतात. तेव्हा कुठे ते दहा टक्क्यांच्या बरंच पुढे जातं. टी-२० साठी लागणारं टेन्सर ध्रुवीकरण (स्पिन कोणत्या अक्षावर आहे एवढंच बघणारं, वर की खाली ते न बघणारं) मात्र त्याहूनही बरंच कमीच राहतं, आणि माझ्या मते या क्षेत्राची खरी अडचण तीच आहे.