मदत हवी आहे: आखाजीला (अक्षय तृतीयेला) पोकरची स्पर्धा घ्यायची आहे, टीव्हीवरच्यासारखी (पैसे न लावता)

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आखाजीला पुणे, नाशिक, सुरतेकडचे सगळे भाऊबंद गावी येतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हाणला की ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो, खान्देशातल्यांना वेगळं सांगायला नको. तीन पत्ती, आणि तीही पैशांवर. मागच्या आखाजीला दोन चुलतभावांत त्यावरून चांगलीच जुंपली. तेव्हा थोरल्या काकांनी, म्हणजे आप्पांनी, फर्मान काढलं: खुशाल खेळा, पण पैसा दिसला तर पत्ते चुलीत जातील.

पोरांनी यूट्यूबवर वर्ल्ड पोकर टूरचे जुने भाग पाहिलेत. सगळ्यांना सारखा माल (म्हणजे चिप्स), संपला की उठायचं, शेवटी उरेल त्याला करंडक. हे आम्हाला पाहिजे. पण स्पर्धा चालते कशी ते नीट कळत नाही. टीव्हीवर नेहमी सहाच जण कसे दिसतात, बाकीचे कुठे जातात? शेवटी शेवटी जो तो सगळा ढीग पुढे का ढकलतो? पोकरची वर्ल्ड सिरीज, वर्ल्ड टूर, युरोपियन टूर ही एकच भानगड आहे का? आप्पांना इतिहासाचं वेड आहे, त्यांना पटवायचं तर हे आलं कुठून तेही सांगावं लागेल. आम्ही १८ जण आहोत.

किलवर_दस्सी

आधी एक धोक्याची सूचना. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरला (सगळी एकाच चिन्हाची पानं) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. हे कागदावर लिहून ओट्याच्या भिंतीला चिकटवा, नाहीतर पुन्हा जुंपेल. उगाच कोणी ठरवलेलं नाही ते. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे होतो आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. गणितच उलटतं.

बाकी टेक्सास होल्डेम, म्हणजे टीव्हीवर दिसतो तो पोकरचा प्रकार, सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये पाच पानं उघडी सगळ्यांची मिळून: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून आपली उत्तम पाच धरायची.

चौकट_राजा

तिन्ही वेगळ्या भानगडी आहेत. वर्ल्ड सिरीज सगळ्यांत जुनी: १९७०, लास व्हेगासचं बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, त्याचे मालक बेनी बिनियन यांनी भरवली. पहिल्या वर्षी गंमत म्हणजे विजेता खेळाडूंनी मतदानाने निवडला, जॉनी मॉस. पुढच्या वर्षापासून मात्र शेवटचा उरेपर्यंत खेळ.

वर्ल्ड टूर खूप नंतरची आणि ती जन्मालाच टीव्हीसाठी आली. स्टीव्ह लिप्सकॉम्ब यांची कल्पना, लायल बर्मन यांचं भांडवल, साल २००२. वेगवेगळ्या कॅसिनोंत आपापल्या स्पर्धा आधीपासून होत होत्याच, त्या एका हंगामात ओवल्या. पहिली स्पर्धा लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत झाली आणि डेन्मार्कच्या गस हॅन्सनने जिंकली. हंगामाच्या शेवटी २५,००० डॉलर प्रवेश फीचं अजिंक्यपद, तेही बेलाजिओतच. मार्च २००३ पासून अमेरिकेत ट्रॅव्हल चॅनेलवर दर आठवड्याला भाग यायला लागले. पर्यटनाच्या वाहिनीवर पत्ते, आहे ना नवल!

युरोपियन टूर २००४ ची, बार्सिलोनापासून सुरू. ती काढणारे जॉन डथी स्वतः खेळाडू, २००० साली पोकर मिलियन नावाची टीव्हीवरची मोठी स्पर्धा जिंकलेले.

पण आप्पांना सांगण्यासारखी खरी गोष्ट कॅमेऱ्याची आहे. वर्ल्ड सिरीजचं चित्रण १९७० च्या दशकापासून व्हायचं, तरी बघायला मजा नव्हती. झाकलेली पानं दिसत नसतील तर चार माणसं गप्प बसलेली बघून करायचं काय? हेन्री ओरेन्स्टीन नावाचे गृहस्थ. पोलंडचे ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले, अमेरिकेत खेळणी बनवून मोठे झाले, ट्रान्सफॉर्मर्स खेळणी अमेरिकेत येण्यातही त्यांचा हात. खेळाडूची झाकली पानं प्रेक्षकाला दाखवणाऱ्या टेबलाचं पेटंट त्यांनी १९९५ मध्ये घेतलं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल ४ वर लेट नाइट पोकर आलं, त्यात टेबलात काच बसवून खालून पानं दाखवायचे. वर्ल्ड टूरने टेबलाच्या कडेला बारीक कॅमेरे लावले. कोण थापा मारतोय हे प्रेक्षकाला ठाऊक, समोरच्याला नाही. सगळी करामत इथेच आहे, बाकी दिवे आणि सूत्रसंचालन वरचं.

त्यात मे २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच) हा टेनेसीचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजला आला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण. लोकांना वाटलं, आपणही जाऊ शकतो.

किलवर_दस्सी

सहा जणांचं उत्तर राहिलं. खेळायला शेकडो असतात, टेबलं रिकामी होत जातात, उरलेल्यांना एकत्र करत आणतात. वर्ल्ड टूरने कॅमेऱ्यासमोरचं शेवटचं टेबल सहाचं ठेवलं. वर्ल्ड सिरीजमध्ये ते नऊचं असतं. आणि ते चित्रणही छाटलेलं. तासन् तास चाललेला खेळ जाहिरातींसकट दोन तासांत बसवायचा म्हणजे ज्यात सगळे पानं टाकून देतात ते हात (म्हणजे डाव) चित्रणातून कापलेच जाणार. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, दर हाताला वादळ. ओट्यावर बसाल तेव्हा दहातले आठ हात मुकाट टाकून द्यावे लागतील, पोरांना आधीच सांगून ठेवा.

ढीग का ढकलतात? ब्लाइंड वाढतात म्हणून. हा ब्लाइंड म्हणजे तीन पत्तीतल्या आपल्या बूटसारखा, पानं बघायच्या आधी टाकायचा, पण फक्त दोघांनी, आळीपाळीने: एकाने लहान, शेजारच्याने त्याच्या दुप्पट. ठरावीक वेळाने तो वाढवतात. माल तेवढाच, बूट वाढत चाललेला, मग थांबणारा झिजून मरतो. हे नसेल तर तुमची स्पर्धा पुढच्या आखाजीपर्यंत चालेल.

बोरीकाठचा

वा भो, आप्पांना ओरेन्स्टीन यांची गोष्ट वाचून दाखवली, दोनदा वाचायला लावली. आता आकडे सांगा. चिप्स नाहीत आमच्याकडे.

किलवर_दस्सी

चिंचोके = २५. जुन्या लग्नपत्रिका कापा: लाल तुकडा = १००, पिवळा = ५००. प्रत्येकाला तिन्ही आठ-आठ, झाले बरोबर ५,०००. नाणी मात्र वापरू नका, लांबून बघणाऱ्याला जुगारच दिसतो.

सहा-सहाची तीन टेबलं. ब्लाइंड २५-५० पासून. दर २० मिनिटांनी: ५०-१००, १००-२००, २००-४००, ३००-६००, ५००-१,०००, १,०००-२,०००, १,५००-३,०००, २,५००-५,०००. एकूण माल ९०,०००, म्हणजे तीन तासांच्या आसपास आटोपतं. बारा उरले की दोन टेबलं, सहा उरले की एकच.

गिरणाई

पैसे न लावण्याचा निर्णय उत्तम. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, सण आहे म्हणून त्यात सूट नाही. आणि तिथेच ऑनलाइन ॲपवर सराव करायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तोही काढा: २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, कौशल्याचा असो की नशिबाचा.

चौकट_राजा

प्रवेश फी म्हणून 'नुसते पन्नास रुपये' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. करंडक आप्पांनी विकत आणून द्यावा.

बोरीकाठचा

आप्पा आंब्याची पेटी देतायत. शेवटचं: एकाचा माल कमी असताना त्याने सगळा लावला, आणि बाकीच्यांना अजून वाढवायचं असेल तर? काल रंगीत तालमीत इथेच अडलो.

किलवर_दस्सी

दोन ढीग करा. समजा त्याच्याकडे १,०००, दुसऱ्या दोघांनी ३,०००-३,००० लावले. तिघांचे १,०००-१,००० मिळून ३,००० चा मुख्य ढीग, त्यावर तिघांचा हक्क. उरलेले ४,००० बाजूला, त्यावर फक्त त्या दोघांचा. पानं उघडल्यावर आधी बाजूचा ढीग मिटवायचा, मग मुख्य.

पानं वाटायचं काम पहिल्या टेबलांवर आळीपाळीने करा. शेवटच्या टेबलाला मात्र बाद झालेल्यांपैकी एकाला बसवा, खेळणारा वाटत असला की कुरकुर होते. गड्ड्या दोन ठेवा, एक वाटताना दुसरी पिसून तयार.