मदत हवी आहे: मोबाइल टॉवरच्या लहरींवर ओलाव्याचा सेन्सर चालेल का?

धागाकर्ता: अंबड तालुक्यात मोसंबीची बाग, काळी जमीन. झाडाखाली ओलाव्याचा सेन्सर आणि ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर माहिती पाठवणारा रेडिओ) आहे. सौर पॅनेलवर सावली येते म्हणून टॉवरच्या लहरींतून वीज घ्यायची आहे. ९०० मेगाहर्ट्झचा टॉवर ३०० मीटरवर, समोर दिसतो. एसएमएस-७६३० डायोडचा रेक्टिफायर (लहरींची डीसी वीज करणारा), पुढे बीक्यू-२५५७० (ती वीज साठवणीत भरणारी चिप), साठवायला १ फॅरडचा सुपरकपॅसिटर. टेबलावर ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॅट; दर उणे १० ला दहावा भाग) दिले की चालतं, रानात कपॅसिटर चढतच नाही. काय चुकतंय?

उत्तर १: जोडणी ठीक आहे भाऊ, वीजच तेवढी येत नाही. टॉवरची दिशात्मक शक्ती ६० डीबीएम धरा. ३०० मीटरवर ८१ डेसिबल घट होते. साध्या डायपोल अँटेनाने उणे १९ डीबीएम, म्हणजे १२ मायक्रोवॅट मिळतील, तेही मुख्य झोतात असाल तर. या पातळीला डायोड जेमतेम १५ टक्के देतो. हाती २ मायक्रोवॅट. बीक्यू-२५५७० रिकाम्या कपॅसिटरवरून सुरू व्हायलाच साधारण १५ मायक्रोवॅट आणि ६०० मिलिव्होल्ट लागतात. वर १ फॅरडच्या कपॅसिटरची गळती यापेक्षा जास्त.

मॅचिंगही (अँटेना आणि डायोडची जुळणी) तपासा. डायोडचा इंपीडन्स (लहरींना होणारा विरोध) शक्तीप्रमाणे बदलतो, ० डीबीएमला जुळवलेलं उणे २० ला सुटतं. नॅनोव्हीएनएला (जुळणी मोजायचं छोटं यंत्र) १० डेसिबलचा अटेन्युएटर (शक्ती कमी करणारा जोड) लावून मोजा.

धागाकर्ता: मोठा अँटेना लावला तर?

उत्तर २: १० डेसिबलचा यागी (एकाच दिशेने घेणारा मोठा अँटेना) लावलात तर डायपोलपेक्षा ८ डेसिबल वाढतील, पण प्रत्येक झाडाखाली यागी कोण बसवणार? शिवाय एसएफ-१० वर (लोराचा संथ, लांब पल्ल्याचा वेग) एकदा पाठवायला साधारण ५० मिलीज्यूल लागतात.

स्वतःचा ८६५ मेगाहर्ट्झचा प्रक्षेपक, ४ वॉटच्या मर्यादेत, ५ मीटरवर ठेवलात तर उणे ७ डीबीएम मिळतात आणि सेन्सर चालतो. १० मीटरवर मात्र गाडी अडते. म्हणजे प्रक्षेपकाला वीज नेणं आलंच.

उत्तर १: सावलीतसुद्धा पॅनेलच घ्या. दर १५ मिनिटांनी पाठवलं तरी दिवसाला ५ ज्यूल पुरतात. अर्ध्या वॉटचं पॅनेल सावलीत ५ टक्के चाललं तरी तासाला ९० ज्यूल देतं. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता येणारं) ५.१ व्होल्टच्या आत हवं, नाहीतर बीक्यू जळेल. बीक्यूची व्हीओसी-सॅम्प पिन व्हीस्टोअर पिनला जोडा, म्हणजे पॅनेल त्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांवर चालेल. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, वरची मर्यादा ३.६ व्होल्ट, मे महिन्याच्या उन्हात तीच तग धरते. डबा मात्र खोडाजवळ, सावलीतच बांधा.