मदत हवी आहे: दुबईतला धंदा ठेवून नाशिकला परतायचंय

नमस्कार मंडळी. दहा वर्षं दुबईत काढली. तिथल्या करामा भागात पोळीभाजीच्या डब्यांपासून सुरुवात, मग भाजणी-मेतकूट-गोडा मसाल्याचं दुकान. तेव्हा ५१ टक्के मालकीचा स्थानिक भागीदार लागायचा. २०२१ मध्ये नियम बदलला आणि दुकान पूर्ण आमचं झालं. (पैसा अजून डब्यांतच आहे, दुकान हौसेचं!)

आता आईबाबांसाठी परततोय. सुरुवातीला आरएनओआर दर्जा मिळेल (नुकत्याच परतलेल्यांचा करापुरता दर्जा, यात बाहेरच्या कमाईवर सहसा इथे कर नसतो), पण बाहेरचा धंदा भारतात बसून चालवला तर त्याच्या नफ्यावर इथे कर लागतो म्हणे. सह्या, मालाच्या ऑर्डरी तर मीच करतो. तिकडच्या मॅनेजरला नेमके कोणते अधिकार द्यावेत? कोणी असं केलंय का? यातला जाणकार सीए माहीत असेल तर प्लीज मेसेज करा.